बाराव्या पानावरचं तिसावं नाव

१

नोटीस गळून पडली तेव्हा हॉलमध्ये चार माणसं होती, आणि त्यातल्या तिघांनी खाली बघितलं. वर बघितलं ते फक्त मीटरताईने.

वर नुसती भिंत होती.

कुठली भिंत, ते आधी सांगायला हवं. वॉर्ड ऑफिसच्या तळमजल्यावर एक लांबलचक हॉल आहे. मतदारांची कच्ची यादी झाली की ती सात दिवस या भिंतीवर लावतात. दोनशे चौदा पानं, एका पानावर तीस नावं. कुणीही यावं आणि वाचावं. माझं नाव राहिलं म्हणावं, नाहीतर या माणसाचं नाव इथे कशाला म्हणून भांडावं. सातव्या दिवशी संध्याकाळी पाचला हरकती बंद, की यादी पक्की झाली. आज सातवा दिवस होता आणि अकरा वाजले होते. अकराव्या पानाशेजारी एकदम तेरावं पान दिसत होतं. मधल्या जागेवर इतके दिवस ती नोटीस होती: 'कृपया यादीला हात लावू नये.'

"घ्या!" हेडक्लार्क ओरडला. "हात लावू नये म्हणे! इथे कुणी अख्खं पानच उचलून नेलंय!"

मीटरताईचा यादीशी काही संबंध नव्हता. ती वॉर्डातले पाण्याचे मीटर बघत फिरायची आणि महिन्याचं बुक वरच्या मजल्यावर जमा करायची. आत्ताही बुक काखेत होतं आणि डोकं तापलेलं होतं, कारण वरून पुन्हा तोच शेरा आला होता: 'शिंप्याच्या घरी पाणी जास्त. गळती तपासा.' तीन वेळा तपासून झालं होतं. नळ कोरडा, टाकी कोरडी. आता काय फरशी उकरू?

पण शिंपी बाजूला राहिला. कारण यादीचं काम बघायला आलेले साहेब जिन्यावरून खाली उतरले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"यादी लावली कुणी?"

सगळ्यांनी खळ्याकडे बघितलं. खळ्या म्हणजे ऑफिसचा शिपाई. शहरातला प्रत्येक सरकारी कागद त्याच्या हातच्या खळीने भिंतीवर चढतो, म्हणून हे नाव. तो मीटरताईचा सख्खा धाकटा भाऊ. चार वर्षं रोजंदारीवर काढून नुकताच कायम झाला होता. त्याला दोनच महिने झाले होते.

"साहेब, मी सगळी पानं लावली होती."

"तशी तुमची सही आहे खरी. 'दोनशे चौदा पानं लावली.'" साहेब चढ्या आवाजात बोलत नव्हते, त्याचीच जास्त भीती वाटत होती. "दुसरी प्रत मोठ्या ऑफिसातून मागवली आहे. गाडी पाचपर्यंत येईल आणि पान पुन्हा लागेल. पण तीस माणसांची नावं सात दिवस लोकांपासून झाकून राहिली. ती कुणी झाकली, हे मला आज पाचच्या आत लिहून द्यावं लागेल. आणि माझ्यासमोर सही एकाच माणसाची आहे."

खळ्याचं तोंड पांढरं पडलं. "ताई, मी लावलं होतं गं. शप्पथ!"

मीटरताईने बुक टेबलावर आपटलं.

"साहेब, पाच वाजेपर्यंत पेन उघडू नका."

"आपण कोण?"

"मीटर," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

२

सहा दिवस ती या भिंतीसमोरून जिन्याकडे जात होती, पण एकदाही थांबली नव्हती. लिहिलेल्या कागदांशी तिचं कधी पटलंच नाही. सातवीत असताना शाळेतल्या बाईंनी तिची वही खिडकीतून बाहेर भिरकावली होती. "जा, घेऊन ये," म्हणाल्या. ही गेली, वही उचलली आणि तशीच सरळ घरी निघाली. त्याला बारा वर्षं झाली. बाई कदाचित अजून वाट बघत असतील.

आज मात्र तिने ती भिंत पहिल्यांदा बघितली. आधी पान बघितलं, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, आणि मग मान वळवत वळवत थेट त्या टोकापर्यंत. 

इथपासून तिथपर्यंत माणसं होती. रोज ज्यांची दारं ती वाजवायची ती सगळी. पाणी सोडणारा पंपवाला. कुत्रं अंगावर सोडणारी म्हातारी. बंगल्यातला डॉक्टर, आणि त्याच्याकडे भांडी घासणारी. त्या दोघांच्या नावांचे चौकोन तिने बोटाने मोजून बघितले. अगदी सारखे! डॉक्टरचा रेघभरही मोठा नव्हता. शहरात अशी एक तरी जागा आहे, जिथे कुणाचं घर कुणापेक्षा मोठं नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. 

"ताई, अकरा चाळीस झाले," खळ्या रडवेल्या आवाजात म्हणाला.

"गप. बघू दे." ती रिकाम्या जागेपाशी आली आणि तिने नाक भिंतीला टेकवलं. "खळ कशाची?"

"मैद्याची, मोरचूद घालून. वाळली ना, की कागद फाटेल पण सुटणार नाही. ते बघ." दाराजवळ गेल्या वर्षीची कुठलीतरी जाहिरात खरवडून काढलेली होती. तिथे भिंतीला अजून कागदाची लक्तरं होती.

बाराव्या पानाच्या जागी एकही लक्तर नव्हतं. नुसती वाळलेली खळ होती, तिच्यावर ब्रशच्या रेघा, आणि वरच्या कोपऱ्यात चार बोटं रुतल्याच्या खुणा. ओल्या चिखलात पाय रुतून मग चिखल वाळतो, तशा.

मीटरताई सावकाश मागे फिरली.

"खळ्या, हे पान ओलं असताना निघालंय. कालपरवा नाही. पहिल्याच दिवशी, तू लावल्यावर लगेच. बारावं पान किती वाजता लावलंस?"

"सव्वानऊ असतील."

"काहीतरी काय बोलतोस? पहाटे सहाला आला होतास ना? मग बारावं पान सव्वानऊला कसं?"

"अगं, मी शेवटून लावतो. दोनशे चौदा आधी, एक नंबर सगळ्यात शेवटी. दाराकडून सुरू केलं तर बादली घेऊन जाता-येता ओली पानं अंगाला घासतात." खळ्याच्या आवाजात जरा जीव आला. आपल्या कामाचं कुणी विचारलं की माणसाला बरं वाटतं. "साडेनऊला काम संपलं. बादली धुवायला मागे गेलो. दहाला दार उघडलं."

"म्हणजे साडेनऊ ते दहा. त्या अर्ध्या तासात इथे कोण होतं?"

खळ्याने बोटांवर मोजलं. "हेडक्लार्क. छत्रीवाले. आणि शाळेतल्या बाई."

३

छत्रीवाले म्हणजे छत्री ही खूण घेऊन तीनदा उभे राहिलेले आणि तीनदा पडलेले उमेदवार. गडबड ऐकून तेही हॉलमध्ये आले होते, आणि बाराव्या पानावर नेमकी ती गल्ली होती जिने त्यांना तिन्ही वेळा पाडलं होतं.

"म्हणून मी पान चोरलं?" छत्रीवाले उसळले. "अहो ताई, माझा माणूस रोज इथे बसून यादी उतरवतोय! मत कोण देत नाही हे कळायला मला तर तेच पान हवं होतं. दुसऱ्याच दिवशी तक्रार केली मी, नोटीस पानावर चिकटलीय, काढा म्हणून. विचारा यांना!"

"केली होती," हेडक्लार्क नाइलाजाने म्हणाला.

"मग काढली का नाहीत?"

"नोटिशीवर लिहिलं होतं ना, हात लावू नये."

"नोटीस लावली कोणी होती?"

"साहेबांनी."

"मी?" साहेब म्हणाले. "मला वाटलं तुम्ही लावलीत."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. ऑफिसात एखादा कागद भिंतीवर दिसला की तो वरच्याने लावला असं खालचा समजतो आणि खालच्याने लावला असं वरचा. सहा दिवस एक बेवारशी कागद सगळ्या ऑफिसाला हुकूम सोडत होता आणि सगळं ऑफिस तो पाळत होतं.

"आणि तुमचा भाचा?" मीटरताईने हेडक्लार्कला विचारलं. "खळ्याच्या जागेवर त्याला चिकटवायचं होतं ना तुम्हाला?"

हेडक्लार्क लाल झाला. "होतं. लपवत नाही. पण साडेनऊला मी वर साहेबांबरोबर चहा घेत होतो. दहाला त्यांच्याबरोबरच खाली आलो."

साहेबांनी मान हलवली.

तेवढ्यात बाकावरून काठी आपटल्याचा आवाज आला. तिथे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सात दिवस ते रोज दहाला यायचे आणि पाचला जायचे. सगळे त्यांना वाचनवाले आजोबा म्हणायचे.

"मला कुणी विचारणार आहे का? पहिल्या दिवशी दार उघडल्यावर आत आलेला पहिला माणूस मी. क्रमाने वाचत आलो. तीनशे तीसपर्यंत नावं, मग नोटीस, मग तीनशे एकसष्ट. म्हटलं पान नोटिशीखाली असेल. म्हणून नोटीसही वाचली, दोनदा."

"आजोबा, रोज येऊन तुम्ही वाचता तरी काय?"

"सगळं. आज एकशे अठ्ठ्याण्णवावर आहे. माझं स्वतःचं नाव दोनशे तिनावर. धीर धरून बसलोय." ते काठीवर रेलून पुढे झुकले. "पोरी, ही यादी क, ख, ग अशी लावलेली नाही. ही पायांची यादी आहे. नावं लिहून घेणारी बाई ज्या दारातून ज्या दारात गेली, तशी एकाखाली एक नावं. वाचत गेलं ना, की गल्लीतून चालल्यासारखं वाटतं. आता माझ्याने चालवत नाही. म्हणून इथे येतो."

 मीटरताईने पुन्हा भिंतीकडे बघितलं. आता तिथे नुसती नावं नव्हती. तिची रोजची वाट होती, दारामागून दार.

मग तिने वाकून पडलेली नोटीस उचलली. मागे खळ नव्हती. शाळेत मिळतो तो बाटलीतला डिंक होता, वाळून त्याचे पोपडे निघाले होते. अक्षर गोल, टपोरं. आणि कागदाच्या डाव्या बाजूला, वरून खालपर्यंत, पट्टीने मारलेली एक लाल रेघ.

समास.

मीटरताईचे कान गरम झाले. पाच शब्दांच्या नोटिशीला समास आखणारं माणूस या शहरात एकच होतं. समास आखला नाही म्हणूनच तर बारा वर्षांपूर्वी वही खिडकीतून गेली होती.

"नावं लिहून घ्यायला त्या गल्लीत कुठल्या बाई गेल्या होत्या?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

४

शाळेत बाई नव्हत्या. "बारालाच अर्धी रजा टाकून गेल्या," तिथला शिपाई म्हणाला. "ऑफिसातली नोटीस पडल्याचं कानावर आलं आणि पर्स घेऊन धावतच सुटल्या."

मीटरताईने रागारागाने बुक उघडलं. बाई सापडल्या असत्या तर तिने तिथेच तोंड सोडलं असतं. पण जिना उतरता उतरता तिच्या डोक्यात दुसरंच शिरलं. बाईंनी जन्मात कधी रबरसुद्धा चोरलं नसेल. त्या पानावर असं काय होतं, की त्यांनी ओल्या खळीत हात घातला?

अकराव्या पानावरचं शेवटचं नाव लॉन्ड्रीवाल्याच्या आईचं होतं. तेराव्यावरचं पहिलं, कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याचं. मधली गल्ली म्हणजे बारावं पान. सात दारं. ती लॉन्ड्रीपासून चालू लागली.

"बाई आल्या होत्या तेव्हा किती नावं लिहून दिलीत?"

"पाच," कुलूपवाला म्हणाला. "पण मीटरताई, हे आता पाण्याच्या बिलात धरणार की काय?"

नर्सताईंकडे तीन. वेल्डर भावांकडे बायका धरून सहा. पेन्शनवाल्या मावशी एकट्या. "माझं नाव आहे ना गं? नीट बघ हं, मागच्या वेळी मला पुरुष करून ठेवलं होतं!" टॅक्सीवाल्याकडे चार. बँडवाल्यांकडे नऊ, आणि नवांपैकी सात जण एकदम बोलत होते.

शेवटचं दार शिंप्याचं. शिंपीकाका मशीनवर वाकून बसले होते. भिंगासारखा जाड चष्मा, हाताला कापरं.

"एक," ते म्हणाले. "एकटाच की मी. दुसरं कोण असणार?"

पाच, तीन, सहा, एक, चार, नऊ, एक. गिरणीच्या पायरीवर बसून मीटरताईने बेरीज केली. एकोणतीस. पुन्हा केली. तरीही एकोणतीसच.

पानावर चौकोन तीस.

लॉन्ड्री आणि गिरणी यांच्यामध्ये एक माणूस होतं, ज्याला गल्लीतलं कुणीच ओळखत नव्हतं. तीन वर्षं ती ही दारं वाजवत होती, आणि तिलाही ते कधी दिसलं नव्हतं.

बुक मांडीवर तसंच उघडं होतं. घर, मीटर, माणसं, असे रकाने. वाऱ्याने पान उलटलं आणि वरून आलेला शेरा समोर आला: 'शिंप्याच्या घरी पाणी जास्त.' तिने मागचे महिने चाळले. तिच्या आधीच्या मीटरवाल्यानेही तेच लिहून ठेवलं होतं. माणसं एक, पाणी दोघांचं, दर महिन्याला, न चुकता. गळती अशी शिस्तीत होत नाही.

ती ताडकन उठली. घड्याळात तीन वाजून गेले होते.

५

"काका, ही सुई जरा ओवून द्या."

शिंपीकाकांनी सुई घेतली. दोरा नेढ्याच्या इकडून गेला, तिकडून गेला. हात थरथरत होता.

"राहू द्या," मीटरताई म्हणाली आणि तिने आपल्या शर्टाचं बटण काढून काज त्यांच्यासमोर धरलं. बारीक, घट्ट, मुंगीच्या पावलांसारखे टाके. "हा शर्ट गेल्याच महिन्यात इथे शिवलाय. काका, हे काज कुणी केलं?"

मशीन थांबलं. मागचा पडदा हलला आणि बाई बाहेर आल्या. केस पांढरे झालेले, पण मान तशीच ताठ. छातीशी एक रजिस्टर धरलेलं, आणि त्यातून घडी घातलेलं एक पान डोकावत होतं.

मीटरताईने तोंड उघडलं. बारा वर्षांचं साचलेलं होतं त्यात.

"तू वही आणायला गेली होतीस," बाई तिच्याआधीच म्हणाल्या.

"माझ्या भावाची नोकरी जातेय, आणि तुम्हाला वहीचं पडलंय!"

"नाही जाणार. पाचच्या आत साहेबांना सांगते, पान मी काढलं." बाई स्टुलावर बसल्या. एकदम थकल्यासारख्या. "चूक माझीच. नावं लिहायचं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं. काकांची बहीण आत बसलेली दिसली. नऊ वर्षं ती या घरातून बाहेर पडलेली नाही. मी म्हटलं, अगं नाव दे, कुणाला कळणार नाही, यादी ऑफिसच्या कपाटात राहते. माझा समज तसाच होता! त्या सकाळी पानं तपासायला हॉलमध्ये गेले, तर ती भिंत. सगळं शहर वाचणार. मी तिला शब्द दिला होता गं."

"पण ती लपलीय कशाला?"

उत्तर पडद्याआडून आलं. आवाज न वापरलेल्या दाराच्या बिजागरीसारखा होता.

"नवऱ्यामुळे."

ती उंबऱ्यात उभी होती. चाळिशीची बाई, उन्हाशिवाय फिकट पडलेली, बोटात शिवणाचं अंगुस्तान. "चार वर्षं बाहेरून कडी लावून ठेवलं होतं त्याने. पळून दादाकडे आले. हे घर त्याला माहीत नाही, दादाने नंतर घेतलं. दोन गावांत तो यादीच्या भिंती वाचत फिरला, असं कानावर आलं. यादी काय, कुणालाही वाचता येते."

मशीनवर एक भरलेला अर्ज होता: नाव वगळण्याचा. सगळं बाईंच्या गोल अक्षरात, समास आखून. फक्त सहीची जागा रिकामी होती.

"पाचला दुसरी प्रत येतेय," बाई म्हणाल्या. "त्याआधी हा अर्ज दिला की नाव निघेल. कुणाला काही दिसणार नाही. कर गं सही."

तिने पेन घेतलं. पण कागदाकडे न बघता तिने मीटरताईकडे बघितलं.

"तुम्ही बघितली ती भिंत? कशी आहे?"

मीटरताईला असं छान बोलायची सवय नव्हती. "मोठी आहे," ती म्हणाली. मग वाटलं, हे काही पुरत नाही. "म्हणजे… सगळे आहेत. डॉक्टर आहे आणि त्याची भांडीवाली आहे, आणि दोघांची खोली एवढीच." तिने बोटांनी चौकोन केला. "आणि ती चालते. वाचत गेलं ना, की आपण गल्लीतून चालतो. तुमच्या वर काका असतील, त्यांच्या वर बँडवाले नऊच्या नऊ, त्यांच्या वर टॅक्सीवाला. तुमच्यानंतर गिरणी. तुम्ही काढलंत नाव, तर त्या जागी… मी आज रिकामी जागा बघितली. नुसती भिंत असते हो. बघवत नाही."

 शिंपीकाकांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

"तिकडे कडी बाहेरून होती," बहीण म्हणाली. "इकडे नऊ वर्षं मी आतून लावून बसलेय. फरक काय पडला?" तिने पेन खाली ठेवलं.  "मला ते पान लावायचंय. मी लावणार."

"आणि तो आला तर?" बाईंनी विचारलं.

 तिने चपला शोधायला सुरुवात केली. त्या सापडेनात. नऊ वर्षांत लागल्याच नव्हत्या. शेवटी मीटरताईने आपल्या काढून दिल्या.

६

गल्लीतून नेहमीचे चार जण निघाले असते तर कुणाला काही वाटलं नसतं. पण शिंपीकाकांबरोबर एक अनोळखी बाई, मोठ्या मापाच्या चपला फरफटवत, उन्हाला डोळे मिचकावत चालली होती. तिच्या मागे शाळेच्या बाई आणि अनवाणी मीटरताई.

"ही कोण?" कुलूपवाल्याने विचारलं.

"तिसावी," मीटरताई म्हणाली, आणि चालता चालता थोडक्यात सगळं सांगून टाकलं. पोटात काही ठेवायचा तिचा स्वभावच नव्हता. मागे बघितलं तर कुलूपवाला दुकानाला कुलूप लावून निघालेला. मग वेल्डर. मग नर्सताई ड्यूटीच्या कपड्यात. मग बँडवाले, सगळेच्या सगळे. पेन्शनवाल्या मावशी टॅक्सीत बसून आल्या, गल्लीच्या तोंडापासून ऑफिसपर्यंत, आणि वाटभर टॅक्सीवाल्याला "हळू चालव, ती पुढे चालतेय" म्हणत होत्या.

हॉलमध्ये पाचला दहा मिनिटं कमी होती. दुसऱ्या प्रतीची गाडी अजून यायची होती. साहेबांसमोर कोरा कागद होता, पेन अजून बंद होतं.

बाई पुढे झाल्या. "पान मी काढलं. नोटीस मी लावली. शिपायाचा काही दोष नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे, मग पानाकडे, मग दारातल्या गर्दीकडे बघितलं. "बाई, तुमची चौकशी होईल."

"होऊ दे. मी मुलांना उभं करत आलेय, एकदा मीही उभी राहीन."

खळ्याने न विचारता बादली आणली. पण ब्रश त्याच्या हातून शिंपीकाकांच्या बहिणीने घेतला. भिंतीवर खळ फिरवली, पान धरलं. ते तिरकं लागायला लागलं तेव्हा खळ्या कुजबुजला, "वरून दाबा ताई, मधून कडेला." तिने तळहाताने दाबलं. अकरा, बारा, तेरा. भोक बुजलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "नियमाप्रमाणे विचारतो. बाराव्या पानावर कुणाची हरकत?"

कुणी हललं नाही. मग वाचनवाले आजोबा काठी टेकत उठले. 

"हरकत नाही," ते म्हणाले. "माझं वाचायचं राहिलंय."

आणि ते वाचू लागले, मोठ्याने. कुलूपवाल्याचं घर, नर्सताईंचं घर. ज्याचं नाव येई तो नकळत "हो" म्हणत होता, शाळेत हजेरी देतात तसा. सगळी गल्ली चालून झाली. शिंपीकाका "हो" म्हणाले. मग आजोबांनी तीनशे साठावर बोट ठेवलं आणि तिचं नाव वाचलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, आडनावासकट.

नऊ वर्षांत ते कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. ती भिंतीला हात टेकून उभी होती, हाताला ओली खळ. 

"तो आला तर," एक वेल्डर भाऊ मागून म्हणाला, "त्याला वाचू दे. वरून वाचत यायचं. आधी आम्ही एकोणतीस लागतो."

"हो," ती म्हणाली.

पाच वाजले. साहेबांनी कोरा कागद घडी करून खिशात टाकला आणि खळ्याला म्हणाले, "बादली धुवून ठेवा. उद्या पक्की यादी लावायचीय."

खळ्या इतक्या जोरात "हो साहेब" म्हणाला की बँडवालेसुद्धा दचकले.

मीटरताई बाकावर बसली. अनवाणी पायांना फरशी थंड लागत होती. समोर भिंत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही तुटलेली नाही.  मग तिने बुक उघडलं. शिंप्याच्या घरापुढे 'माणसं' या रकान्यातला एक खोडला आणि दोन लिहिले. वरून आलेला शेरा अजून तसाच होता: 'गळती तपासा.' उत्तर लिहायला तिने नवा कागद घेतला. बाई बघत नाहीत ना ते हळूच बघितलं, आणि बुकाच्या कडेने डाव्या बाजूला एक सरळ रेघ ओढली.

मग लिहिलं: 'तपासलं. गळती नाही. माणूस आहे.'